कुर्ली निकामी नाही!

किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एकच आवाज येत होता. त्यापुढे काहीच नाही.

कुमुदआजीने पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा ‘टक्’. समोरचे दिवे लखलखत होते. हॉर्न तर असा खणखणीत वाजला की माडावरचे कावळे उडाले. इंजिन मात्र ढिम्म!

“बॅटरी भरलेली आहे, मग ही अडून का बसलीय?” अकरा वर्षांची ऋजुता बॉनेटवर हात ठेवून म्हणाली.

ही गोष्ट २०५८ सालची. कुमुदआजी म्हणजे ऋजुताच्या बाबांची आत्या. ऋजुताचे आई-बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला गेले, की ती रत्नागिरीजवळच्या या गावात आजीकडे राहायची. डॉ. कुमुद नाखरे यांनी आयुष्यभर धातूंवर आणि त्यांना लागणाऱ्या गंजावर संशोधन केलं होतं. आता त्या निवृत्त होत्या आणि रोज सकाळी ‘कुर्ली’ चालवत होत्या.

कुर्ली म्हणजे त्यांची सदतीस वर्षांची लाल जीप, करंजाच्या तेलावर चालणारी. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. कुर्लीच्या चारही चाकांना तो मिळायचा, म्हणून दोन चाकं घसरली तरी उरलेली दोन तिला पुढे ओढत. कोकणात कुर्ली म्हणजे खेकडा; तो कातळावर चढावा तशी ती सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, चढायची. वर धनगरवाडी होती. तिथली नऊ मुलं कुर्लीतून शाळेत यायची. बिनचालकाच्या नव्या गाड्या सड्याच्या पायथ्याशी येऊन थांबत आणि गोड आवाजात सांगत, “यापुढे जाता येणार नाही.”

आज कुर्लीची वार्षिक तपासणी होती. वाहन-आयुर्मान खात्याचा यंत्रमानव सात वाजताच अंगणात येऊन उभा राहिला होता. त्याच्या छातीवर ‘तपासनीस सत्तर’ असं लिहिलेलं होतं. त्याने बॅटरीला दोन तारा लावल्या, आजीला किल्ली फिरवायला सांगितली, ‘टक्’ ऐकलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला.

“बॅटरी १२.६ व्होल्ट, उत्तम. इंजिन फिरत नाही. वाहनाचं वय सदतीस. अर्थात, इंजिन आतून जाम झालं आहे. शक्यता चौऱ्याण्णव टक्के. वाहन निकामी.” आणि त्याने काचेवर लाल पट्टी चिकटवली. “नऊ वाजता गाडी ओढून नेण्यात येईल. तोपर्यंत हरकत घेता येते.”

ऋजुताचं डोकं सणकलं. “तू बॉनेटच्या आत वाकूनसुद्धा पाहिलं नाहीस! डॉक्टर दारातूनच ‘म्हातारा आहे, मेला असेल’ म्हणाला तर चालेल का?”

“कृपया रागावू नये,” तपासनीस म्हणाला.

त्यामुळे ती आणखीच रागावली. “आजी, गाडी उतारावर नेऊ, ढकलू आणि चालू करून दाखवू याला!”

“नियमानुसार वाहन किल्लीने चालू व्हायला हवं,” तपासनीस म्हणाला.

“नियम राहू दे बाजूला,” कुमुदआजी बाही सरसावत म्हणाली. तिचाही चेहरा लाल झाला होता. “ढकलून चालू केली तर आजचं भागेल, पण रोग कळणार नाही. उद्या पुन्हा ‘टक्’. हा अंदाज करतोय ना? आपण अंदाज करायचा नाही. तपासायचं. एकेक शक्यता खरी की खोटी, ते बघायचं. चल, पहिली घे. इंजिन जाम झालंय म्हणतो. कसं तपासशील?”

ऋजुता विचारात पडली. “हाताने फिरवून बघितलं तर?”

“शाब्बास!”

आजीने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात ठेवली. मग इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या, पट्टा फिरवणाऱ्या चाकाच्या नटावर हातभर लांबीचा पाना बसवला. ऋजुताने दोन्ही हातांनी पाना धरला, दातओठ खाल्ले आणि जोर लावला. आधी काही हललं नाही. मग ‘फुस्स’ असा दबलेल्या हवेचा आवाज आला आणि चाक पाव फेरी फिरलं.

“फिरलं! जाम नाहीये!” ती ओरडली. “बघितलंस?”

“नोंद केली,” तपासनीस शांतपणे म्हणाला. “मग स्टार्टर (इंजिनाला पहिली गिरकी देणारी मोटर) जळला आहे. शक्यता एक्क्याण्णव टक्के. वाहन निकामी.”

“हा काय अन्याय आहे!” ऋजुताने पाना आपटला. “एक खोटं ठरलं की दुसरं! आणि ‘निकामी’ मात्र तेच!”

एवढ्यात आजीचा फोन वाजला. वरच्या धनगरवाडीतून जनाबाई झोरे बोलत होत्या. त्यांच्या दोन मुली कुर्लीतून यायच्या. “ताई, आज विज्ञानाची परीक्षा हाय पोरींची. गाडी येतीय न्हवं? न्हाय तर आताच चालत धाडते.”

चालत म्हणजे दोन तास. ऋजुताने आजीकडे पाहिलं. “साडेआठपर्यंत कळवते, जनाबाई,” आजी म्हणाली आणि फोन ठेवला. “आता डोकं थंड ठेव, ऋजू. राग पोटात राहू दे, डोळे मात्र उघडे हवेत. मी किल्ली फिरवते. तू समोर उभी राहा आणि दिव्यांकडे बघ.”

‘टक्.’

“दिवे तसेच आहेत,” ऋजुता म्हणाली. “जरासुद्धा मंद झाले नाहीत.”

आजीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिचे डोळे चमकत होते. “रोज काय होतं?”

ऋजुताला आठवलं. रोज किल्ली फिरवली की दिवे क्षणभर मंदावायचे. “स्टार्टर खूप वीज ओढतो, म्हणून दिव्यांना कमी पडते.”

“बरोबर. इंजिन जाम असतं तरी स्टार्टरने ताकद लावली असती, वीज ओढली असती, दिवे मंदावले असते. आज मंदावले नाहीत, म्हणजे काय?”

“म्हणजे...” ऋजुता सावकाश म्हणाली, “स्टार्टरमधून वीज वाहतच नाहीये!”

“चूक,” तपासनीस मध्येच म्हणाला. “बॅटरीत १२.६ व्होल्ट आहेत.”

“ऐक रे बाबा, तूही ऐक,” आजी गाडीतून उतरली. “गच्चीवर पाण्याची टाकी भरलेली आहे. नळ बंद आहे. पाइपमध्ये क्षार साठून सुईएवढंच भोक उरलंय. तरी बंद नळाशी पाण्याचा दाब किती असेल?”

“पूर्ण,” ऋजुता म्हणाली. “पाणी वाहतच नाही, मग अडणार काय?”

“आणि नळ उघडला की?”

“सुतासारखी बारीक धार!”

“हेच विजेचं. व्होल्ट म्हणजे विद्युतदाब (वीज पुढे ढकलणारा जोर). वाहते ती विद्युतधारा. आणि वाटेतला गाळ म्हणजे रोध (विजेची अडवणूक). या साहेबांनी नळ बंद असताना टाकीचा दाब मोजला आणि सांगितलं, सगळं उत्तम. अडवणूक शोधायची तर नळ उघडा असताना, म्हणजे किल्ली फिरवलेली असताना मोजायला हवं, आणि तेही वाटेवरच्या एकेका टप्प्यावर. जिथे वाट मोकळी, तिथे दाब खर्चच होत नाही, मीटर जवळपास शून्य दाखवतो. जिथे अडवणूक, तिथे सगळा दाब तिथेच खर्ची पडतो.”

ऋजुता तपासनीसाकडे वळली. “धर तुझ्या मीटरच्या तारा. मी सांगते तिथे लाव.”

“अशा मोजमापाची सूचना नियमावलीत नाही.”

“मनाई आहे का?”

यंत्रमानवाने तीन सेकंदांत सगळी नियमावली चाळली. “मनाईही नाही.”

“मग लाव!”

पहिली तार बॅटरीच्या लाल टोकाला, दुसरी स्टार्टरला. आजीने किल्ली फिरवली. ‘टक्.’ मीटर: ०.१.

“जायची वाट मोकळी,” ऋजुता म्हणाली. “मग वीज अडते कुठे?”

“विजेला नुसतं जाऊन भागत नाही, परतही यावं लागतं. वर्तुळ पूर्ण झालं तरच ती वाहते. परतीची वाट शोध.”

ऋजुता बॅटरीच्या काळ्या तारेचा माग काढत वाकली. तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली होती. तिथे मोजलं: शून्य. स्टार्टर इंजिनावर बसवलेला होता आणि इंजिन रबराच्या जाड उशांवर. रबरातून वीज जात नाही. मग इंजिनातून सांगाड्यावर ती येते कशी?

“आजी, इथे काहीतरी जोडणारं असायलाच हवं!”

“एक तार इंजिनाला लाव, एक सांगाड्याला,” आजी म्हणाली.

‘टक्.’ मीटरचे आकडे उसळले: ११.९.

ऋजुताने टाळी वाजवली. “सगळा दाब इथेच खातंय कुणीतरी!”

टॉर्च घेऊन ती गाडीखाली सरपटली. इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी होती. तांबं कुठलं, हिरवट पांढऱ्या भुकटीचा थरच! तिने बोट लावताच पट्टी मधोमध तुटली.

“गंज,” आजी पुटपुटली. मग एकदम भडकली, पण स्वतःवरच. “चाळीस वर्षं गंजावर भाषणं दिली मी! खाऱ्या हवेत तांब्याची जोडणी उघडी ठेवू नका, ग्रीस लावा, दर पावसाळ्यानंतर बघा. आणि माझ्याच गाडीखाली हा प्रकार! लाज वाटायला हवी, कुमुद!”

“आजी, भांडण नंतर कर स्वतःशी. साडेआठला दहा मिनिटं आहेत. दुसरी पट्टी आहे?”

पट्टी नव्हती. पण एका गाडीची बॅटरी दुसऱ्या गाडीला जोडायची जाड वायर होती. ऋजुताने इंजिनावरची आणि सांगाड्यावरची एकेक जागा पॉलिश पेपरने घासली. लोखंड चांदीसारखं चमकू लागलं. वायरचा एक चिमटा तिने इकडे लावला, दुसरा तिकडे.

“किल्ली मी फिरवू?” तिने विचारलं. तिचे हात काळे झाले होते.

“तूच फिरव.”

तिने किल्ली फिरवली. दिवे मंदावले. ‘घर्र... घर्र... घर्र...’ आणि कुर्ली अशी गरजली की अंगणातला पाचोळा उडाला. करंजाच्या तेलाचा कडवट वास सगळीकडे पसरला. आजीने फोन उचलला आणि गोंगाटातच ओरडून सांगितलं, “जनाबाई, येतोय!”

अवजारांच्या पेटीतल्या तांब्याच्या जाड तारेची नवी पट्टी वळून, बोल्ट आवळून, वर ग्रीस फासायला आजीला पंधरा मिनिटं लागली. तोवर तपासनीस काचेजवळ उभा होता. त्याने लाल पट्टी सोलून काढली.

“वाहन चालू स्थितीत,” तो म्हणाला. “माझा निष्कर्ष चुकीचा होता.”

“नुसता चुकीचा?” ऋजुताचा राग अजून शमला नव्हता. “एक गाडी गेली असती तर नऊ मुलांची शाळा गेली असती. तू दहा मिनिटंसुद्धा दिली नाहीस!”

यंत्रमानवाच्या डोळ्यांच्या जागचे दिवे लुकलुकले. मग तो म्हणाला, “जुन्या नोंदी तपासल्या. बॅटरी पूर्ण, एकच ‘टक्’, दिवे मंदावले नाहीत, अशा एकेचाळीस गाड्यांना या वर्षी मी निकामी ठरवलं आहे.”

आजीचा हात बोल्टवरच थांबला.

“कुठे आहेत त्या?” ऋजुताने विचारलं.

“जिल्ह्याच्या भंगार यार्डात. बारा वितळवल्या गेल्या. एकोणतीस शिल्लक आहेत. त्यांच्यात एक रुग्णवाहिका आहे.”

ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं होतं की संतापाचं, तिलाही कळलं नाही. “मग इथे उभा का आहेस? खात्याला कळव, वितळवणं थांबवा म्हणावं!”

“कळवलं. चोवीस तासांची स्थगिती मिळाली. पुनर्तपासणीच्या पद्धतीचं वर्णन मागितलं आहे. मी काय लिहू?”

“लिही,” ऋजुता म्हणाली. ती बोटांवर मोजू लागली, मग मोजणं सोडून भराभर बोलली. “नळ उघडा असताना मोजा. जायची वाट मोजा, यायची पण मोजा. आणि तपासल्याशिवाय निकामी म्हणू नका. हे सगळ्यांत वर लिही.”

कुमुदआजीने हात पुसले आणि मागचं दार उघडलं. “चढ रे सत्तर. आधी मुलं शाळेत सोडू, मग यार्डात जाऊ. तुझ्याकडे मीटर एकच आहे ना? माझ्याकडे आणखी दोन आहेत.”

यंत्रमानव मागच्या बाकावर अवघडून बसला. ऋजुताने दोन्ही मीटर मांडीवर घेतले, तारा नीट गुंडाळल्या. आजीने चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला आणि कुर्ली कातळाचा चढ चढू लागली.