दर मंगळवारी बारा फुल्या

"चोरी नाही झाली हो," इरावतीबाई म्हणाल्या. "उलट वाढलंय."

अनय चक्रावला. धम्मपाल गायकवाडच्या हाताखाली खासगी तपासाची पाच वर्षं काढली त्याने, पण वाढल्याची तक्रार पहिलीच.

मुलुंड पूर्वेच्या त्या नीटनेटक्या फ्लॅटमध्ये सत्तरीच्या इरावतीबाई एकट्याच राहायच्या. त्यांनी क्रॉस-स्टिचची, म्हणजे फुलीच्या टाक्याच्या भरतकामाची, रिंग पुढे केली. कापडावर साळुंक्यांची जोडी होती, एक पुरी, दुसरी अर्धी.

"मंगळवारी मी मण्यांच्या क्लासला जाते. येऊन बघते तर बारा फुल्या जास्त! तीन मंगळवार झाले. कॅनडाचा मुलगा म्हणतो, 'आई, तूच भरतेस आणि विसरतेस.' पुढच्या महिन्यात येऊन फ्लॅट विकणार आणि मला वृद्धाश्रमात ठेवणार." त्यांनी रिंग धम्मपालच्या हातात दिली. "मी विसरत असेन तर तसं सांगा. पण खरं सांगा."

धम्मपालने भिंग लावलं. "तुमच्या फुल्यांत वरचा धागा उजवीकडे झुकतो. या छत्तिसांत डावीकडे. धागाही गडद आहे."

"अगंबाई! हा रंग माझ्याकडे नाहीच. आणि सगळे टाके एका बाजूला झुकवायचे, हे तर पहिल्या दिवशी शिकवतात."

"किल्ली कोणाकडे असते?"

"स्वयंपाकाच्या नीलमकडे आणि समोरच्या विद्याधररावांकडे. त्यांची बायको शैला आणि मी जोडीने भरायचो. ही पुरी साळुंकी तिचीच. गेल्या वर्षी ती गेली. आता भरते मी एकटीच, आणि बोलतेही एकटीच."

नीलम डाव्या हाताने चहा गाळत होती. "मी कशाला भरू? सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलवावं लागतं मला."

"डावखुरी आहे! मिटलं!" अनय कुजबुजला.

"गप रे."

समोरच्या घरी विद्याधररावांनी उजव्या हाताने पाणी दिलं. दिव्याखाली एक खुर्ची, बरोबर तिच्यासमोर दुसरी. टीपॉयवर धाग्यांचा डबा उघडाच होता. वरची लडी गडद तपकिरी.

"शैला रिंग उभी धरून भरायची," ते म्हणाले. "मी समोर बसून पेपर वाचायचो. वाचतोय कसला! तिच्याकडेच बघायचो."

रिकाम्या खुर्चीकडे बघताना अनयला उगाच भरून आलं.

संध्याकाळी धम्मपालने सगळ्यांना इरावतीबाईंच्या हॉलमध्ये बसवलं.

"बाई, तुम्ही काही विसरत नाही. इतक्या वर्षांचा हात छत्तीस वेळा उलटा पडत नाही. नीलमला सुई ओवता येत नाही. गडद धागा आहे शैलाताईंच्या डब्यात."

"पण विद्याधरराव उजव्या हाताचे आहेत!" अनय म्हणाला.

"हाताचा प्रश्नच नाही रे. काचेवरची अक्षरं पलीकडून कशी दिसतात? उलटी. हे आयुष्यभर उभ्या रिंगच्या पलीकडे बसले. दिव्याच्या उजेडात कापडातून टाका बघून बघून शिकले, तो उलटाच शिकले."

विद्याधररावांनी मान खाली घातली. "मंगळवारी तुम्हीही नसता. पलीकडून भांड्याचा आवाजसुद्धा येत नाही. वाटलं, शैलाची जोडी पुरी करावी. मागायची लाज वाटली."

"लाज? तुमच्यापायी माझं घर जात होतं, कळतंय का?"

"चुकलो, वहिनी. उसवतो सगळं."

इरावतीबाईंनी आधी मुलाला फोन लावला. "मी विसरत नाही, आणि घर विकायचं नाही," एवढंच बोलून ठेवून दिला. मग त्यांनी अर्ध्या साळुंकीची रिंग हातात घेतली.

"उसवायचं नाही," त्या म्हणाल्या. "मंगळवारी पाचला मी परत येते. बेल वाजवून या. आणि हे बघा, समोर नका बसू. शेजारी बसा, म्हणजे सरळ दिसेल."