बगळ्याला विंच दिसेना

"असं कोणतंही यंत्र जोडलेलं नाही," बगळ्या म्हणाला.

शलाका विंचकडे बघतच राहिली. विंच (जाड दोर गुंडाळून ओझं वर ओढणारं यंत्र) चांगला तिच्या कमरेएवढा उंच होता, पिवळाधमक होता आणि बगळ्यापासून हातभर अंतरावर होता. दोघांना जोडणारी वायर घट्ट बसलेली होती. आणि होडीवरचा हा यंत्रमानव, एक पाय आणि लांबलचक हात असल्यामुळे ज्याला सगळे बगळ्या म्हणत, तो खुशाल सांगत होता की विंच नाहीच!

"पुन्हा बघ की रे नीट!"

"पाहिलं. नाही."

विंचच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला, देवगडच्या समुद्राच्या तळाशी, शलाकाची आई होती. तळावर माणसांनी लावलेले प्रवाळ कसे वाढताहेत ते पाहायला ती काचेच्या बुडी-गोलात बसून उतरली होती. दोरातल्या तारेतून तिचा आवाज आला, "शलाका, काम झालं गं. ओढा मला वर. हवा बेताचीच उरली आहे."

शलाकाने आणि होडीवर सोबत आलेल्या आजोबांनी मिळून विंचचं हँडल हाताने फिरवून पाहिलं, पण ते जागचं हललं नाही. आजोबांनी वायरलेसवरून मदत मागितली. सगळ्यात जवळची बोटसुद्धा लांब होती. ती येईपर्यंत हवा पुरली नसती.

"खाली जाताना तर सगळं ठीक होतं!" शलाका म्हणाली.

"खाली जाताना मोटर लागतच नाही," आजोबा म्हणाले. ते संगणकशास्त्रज्ञ, बगळ्याला त्यांनीच घडवलं होतं. "गोल आपल्याच वजनाने उतरतो. बगळ्या हाताने ब्रेक तेवढा सैल करतो. मोटरशी बोलायची वेळ आत्ता आली. खरं सांग, याच्या डोक्यात काय बदललंस?"

खरं सांगायचं तर, तिने डोकंच बदललं होतं. बगळ्याची ऑपरेटिंग सिस्टीम (संगणकाचा सगळा कारभार पाहणारी मूळ प्रणाली) मुक्तस्रोत होती, म्हणजे ती कशी लिहिली आहे हे कुणीही वाचावं, बदलावं आणि वाटावं. त्यामुळे तिच्या नाना आवृत्त्या निघाल्या होत्या; काही सोप्या, काही अवघड. शलाकाच्या शाळेतल्या संगणक मंडळात सोपी आवृत्ती वापरणाऱ्याला 'आयत्या बिळावरचा नागोबा' म्हणत. त्यात सोप्या आवृत्तीतला बगळ्या प्रत्येक कामाआधी "नक्की ना?" असं विचारून डोकं उठवायचा. झालं! बाईसाहेबांनी काल सोपी आवृत्ती पुसून अवघड आवृत्ती बसवली होती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं.

"अवघड आवृत्तीत आपण मागू तेवढंच मिळतं," आजोबा म्हणाले. "तू काय काय मागितलंस?"

"आवाज, कॅमेरा, हात, दिवे..." शलाका अडखळली. विंचसाठी तिने काहीच मागितलं नव्हतं. सोप्या आवृत्तीत तो आपोआप चालायचा. त्याला काही लागतं हेच तिला कधी कळलं नव्हतं.

"ड्रायव्हर लागतो," आजोबा म्हणाले. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या यंत्राची बोली जाणणारा छोटा प्रोग्रॅम. "सोपी आवृत्ती म्हणजे वाढलेलं ताट. कोपऱ्यात मीठ कुणी वाढलं, हे आपण विचारतही नाही. स्वतः वाढून घ्यायला बसलं की नेमकं तेच राहून जातं."

ड्रायव्हरचं नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं आणि भर समुद्रात शोधायला नेटवर्क नव्हतं. आजोबांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून एक पेनड्राइव्ह सोडवला.

"यात सोपी आवृत्ती आहे. ती बसवत बसायचं नाही, इथूनच चालवायची. पण त्यासाठी बगळ्याला बंद करून पुन्हा सुरू करावं लागेल. तार त्याच्यातूनच जाते, तोवर आईचा आवाज येणार नाही."

शलाकाने तारेवर सांगितलं, "आई, थोडा वेळ आपलं बोलणं बंद होईल. घाबरू नकोस हं."

"मी कशाला घाबरू? वर तू आहेस ना!" आई म्हणाली.

ते ऐकून शलाकाला रडूच फुटलं. रडत रडतच तिने पेनड्राइव्ह खोचला आणि बगळ्याचं बटण दाबलं.

बगळ्या उठला तो हसतमुखाने. "नमस्कार! तुमची भाषा कोणती? आधी ओळख करून घेऊ या का?"

"नको! विंच बघ!"

"विंच सापडला. वर ओढू? नक्की ना?"

"नक्की! नक्की!" शलाका ओरडली.

विंच घरघरला. ओला दोर सरसर वर येऊ लागला आणि आजोबांनी डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात घरघर थांबली. विंचचा ब्रेक खटकन लागला.

"बॅटरी कमी आहे," बगळ्या गोड आवाजात म्हणाला. "ती जपण्यासाठी जड यंत्रं बंद केली आहेत. आपण निश्चिंत असावं."

"निश्चिंत? आई मधेच लटकली आहे!"

आजोबांनी बॅटरीचा काटा पाहिला. "ओढायला पुरेल एवढी आहे. पण सोप्या आवृत्तीने आपल्या काळजीपोटी हा नियम करून ठेवलाय. तो बदलायची जागा कुठे दडवली आहे कोण जाणे." त्यांची बोटं बगळ्याच्या छातीवरच्या पडद्यावर एकामागून एक खिडक्या उघडत होती.

तारेतून आई म्हणाली, "शलाका, इथे कोंदट व्हायला लागलंय गं."

शलाकाने डोळे पुसले. हातपाय गाळून आई वर येणार नव्हती.

"आजोबा, अवघड आवृत्तीत हा बॅटरीचा नियम मी मागितलेलाच नाही, तिला फक्त ड्रायव्हर हवाय. आणि सोप्या आवृत्तीला विंच दिसतोय. म्हणजे ड्रायव्हर तिच्याकडे आहे. आणि ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे मागितलं तर दाखवेल!"

तिने चालू असलेल्या ड्रायव्हरांची यादी मागितली. भराभर नावं आली. आता यातलं विंचचं कोणतं? तिने विंचची वायर उपसली. एक नाव यादीतून गेलं. वायर पुन्हा खोचली, तेच नाव परत आलं.

"हेच! पण हा ड्रायव्हर अवघड आवृत्तीत चालेल का?"

आजोबांचा चेहरा उजळला. "चालेल! दोन्हींच्या पोटात कर्नेल (गाभा) एकच आहे. संगणकाची यंत्रं खरी राबवतो तो गाभाच. सोपं आणि अवघड हा फरक त्याच्याभोवती काय काय बांधून दिलंय, एवढ्यापुरताच. ड्रायव्हर बोलतो तो गाभ्याशी. माझ्या पेनड्राइव्हवरचा गाभा आणि तू बसवलेला गाभा एकाच क्रमांकाचे आहेत ना?"

शलाकाने ताडून पाहिलं. होते! तिने ड्रायव्हर बगळ्याच्या स्मृतीत उतरवला, पेनड्राइव्ह काढला आणि बगळ्याला पुन्हा बंद केलं. आईचा आवाज पुन्हा तुटला.

या वेळी नमस्कार नाही की चमत्कार नाही. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. शलाकाने एकेक अक्षर तपासत आज्ञा लिहिली आणि श्वास रोखून धरला.

"विंच जोडलेला आहे," बगळ्या म्हणाला.

"ओढ!"

त्याने काही विचारलं नाही. बॅटरीचा काटा घसरत राहिला, विंच कण्हत राहिला, आणि शेवटी हिरव्या पाण्यातून काचेचा गोल डुबुककन वर आला. झाकण उघडल्यावर आईने एवढा मोठा श्वास घेतला, की शलाकाला वाटलं, आपणच तो घेतोय. तिने आईला मिठी मारली आणि सगळं सांगून टाकलं.

आई रागावली, चांगलीच रागावली. मग ओले केस पिळत तिने विचारलं, "आता बगळ्यात कोणती आवृत्ती ठेवणार?"

"अवघडच. पण तिला काय काय लागतं ते आजोबांसमोर बसून एकेक तपासणार. आणि तू उतरायच्या आधी रिकामा गोल खाली सोडून वर ओढून बघणार. तोवर सोपीच."

धक्क्याला लागल्यावर नेटवर्क आलं. शलाकाने अवघड आवृत्तीच्या मदतपानावर, जिथे जगभरातली माणसं आपापले अनुभव लिहून ठेवतात, दोन ओळी घातल्या. होडीवर असा विंच असेल तर हा ड्रायव्हर आधी मागून घ्या. तो नसला तरी गोल खाली जातो, वर येत नाही.

त्या तिघांचा चहा व्हायच्या आत कुठल्याशा दूरच्या बेटावरून एका अनोळखी मुलाचं उत्तर आलं. संगणकाने त्याचं मराठी करून दाखवलं.

"आमच्याकडे हाच विंच आहे. मीसुद्धा कालच ही आवृत्ती बसवली. माझे बाबा उद्या सकाळी उतरणार होते."