नावाड्यांच्या गल्लीतली रेघ

"राजे खोटं बोलतात, पाद्री खोटं बोलतात, इतिहासकार तर पगार घेऊन बोलतात, पण भिंतीवरची पुराची रेघ कधीही खोटं बोलत नाही!"

हातातली मिटलेली छत्री उंच धरून गाईड कोर्बिनिअन एस्टर्ल हे वाक्य एकतीस वर्षं जर्मनीतल्या पासाऊच्या नावाड्यांच्या गल्लीत प्रवाशांना ऐकवत आला होता. वाक्य झकास होतं. रेघ मात्र खोटी होती.

खरी रेघ, जुन्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथली, गल्लीतल्या एका पिवळ्या घराच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली होती, पुसट झालेली. ती पाहून प्रवाशांच्या माना दुखत, आणि फोटोत एक तर रेघ यायची नाही तर प्रवासी. म्हणून घराला नवा रंग लागत असताना कोर्बिनिअनने झेप नावाच्या रंगाऱ्याला गळ घातली.

"जरा खाली घे ना. माणसाच्या छातीशी येऊ दे."

"कोर्बी, लेका, पूर काय तुझ्या सोयीने येतो?" असं म्हणत झेपने दोन मग बिअरच्या बोलीवर रेघ खाली आणली. शेजारी लिहिलेल्या पुराच्या सालासकट.

एकच गोष्ट हजारो वेळा सांगितली की ऐकणाऱ्याला ती पाठ होते आणि सांगणाऱ्याला खरी वाटू लागते. अकरा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये डॅन्यूब आणि इन या दोन्ही नद्या फुगल्या, तेव्हा त्या घराच्या तळमजल्यावर राहणाऱ्या हास्लिंगर आजींनी खिडकीतून त्याला हाक मारली होती.

"अहो एस्टर्ल, माझ्या जिरॅनियमच्या कुंड्या तेवढ्या वरच्या मजल्यावर ठेवता का? दोनच आहेत. आणि मीही भाचीकडे जाऊ म्हणता?"

कुंड्या उचलायला दोन मिनिटं लागली असती. कोर्बिनिअनने दहा मिनिटं भाषण दिलं. "आजी, तीनशे वर्षांत पाणी या रेघेच्या वर गेलेलं नाही. उंच पायऱ्यांवरचा तुमचा उंबरा तर रेघेच्याही वर आहे. खुशाल झोपा!"

"तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असणार," आजी म्हणाल्या.

सकाळी अग्निशमन दलाने त्यांना खिडकीतून होडीत घेतलं, तेव्हा त्या गळ्याएवढ्या गार पाण्यात टेबलावर उभ्या होत्या. दोन्ही कुंड्या छातीशी. पंधरा दिवसांनी फुप्फुसांनी हात टेकले. पुराच्या बळींत त्यांचं नाव लागलं नाही. कोर्बिनिअनला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने काहीतरी उत्तर तरी तयार ठेवलं असतं.

तळमजला तेव्हापासून बंद होता. वाक्य मात्र चालू राहिलं.

या ऑगस्टमध्ये नदी इतकी आटली होती की काठावर बदकं चालत होती. सोमवारी कोर्बिनिअनचं वाक्य संपलं आणि भिंतीवर, घोट्याच्या उंचीवर, एक ओली रेघ दिसली. ओल धरली असेल, म्हणून त्याने सोडून दिलं. मंगळवारी ती गुडघ्याशी होती. बुधवारी कमरेशी. गुरुवारी त्याने हात लावून पाहिला. भिंत उन्हाने तापलेली होती. रेघ बर्फासारखी गार. बोटांना नदीतल्या गाळाचा वास आला आणि साबणाने धुतल्यावरही तो गेला नाही.

शुक्रवारी ओली रेघ झेपच्या रेघेच्या वर गेली.

शनिवारी ब्रेमेनच्या निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. चौदा जणी. भर दुपार. कोर्बिनिअनने वाक्य गिळायचं ठरवलं होतं, पण सवयीची जीभ कुणाचं ऐकते? वाक्य झालं, हशा झाला, आणि बायका फोटोसाठी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

ओली रेघ त्यांच्या डोक्यांच्या वर होती.

"छान आलाय हो!" एक शिक्षिका फोन पुढे करत म्हणाली. "फक्त वाऱ्याने केस उडाले सगळ्यांचे."

कोर्बिनिअनने फोटो पाहिला. चौदाही जणींचे केस वर उचललेले होते. हळूहळू हलत असावेत तसे, पाण्यातल्या शेवाळासारखे.

वारा नव्हता. छत्रीचा गोंडा सरळ खाली लोंबत होता.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. "सगळ्या बाजूला व्हा. ही रेघ खोटी आहे. मीच खाली आणवली, फोटोसाठी. खरी वर आहे. मला ठाऊक होतं. आणि मी एका म्हातारीला सांगितलं, खुशाल झोपा म्हणून."

मग टाळ्या.

"काय बेमालूम सांगतात!" एक जण दुसरीला म्हणाली. "चेहरासुद्धा पांढरा केला बघ."

त्याने वर पाहिलं. ओली रेघ पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली, जुन्या जागी, थांबली होती.

त्या रेघेखाली तळमजल्याच्या खिडकीची झडप करकरली. अकरा वर्षं बंद असलेली.

"अहो एस्टर्ल," आतून कुणीतरी हळूच, अदबीने म्हणालं, "तुमचं बोलून झालं असेल, तर कुंड्या तेवढ्या वर ठेवता का? दोनच आहेत."