मेणावरचा दुसरा टेक

फोन वाजला तेव्हा लॅम्बर्ट कासिक कवळी धूत होता. सकाळचे आठ वाजले होते आणि शर्ट आत्ताच पाठीला चिकटला होता. ऑगस्टचा पहिला दिवस, साल एकोणीसशे बेचाळीस.

"कासिक? प्रूएट बोलतोय, हार्बर लाइट रेकॉर्ड्स. तुमच्या संघटनेच्या माणसानं आमच्याकडे चोरी केलीय. बारापर्यंत थांबतो. मग पोलिसांना बोलावतो."

"काय गेलं?"

"रेडनरचा कालचा शेवटचा टेक. आणि तो पुन्हा करता येत नाही. तुमच्या लोकांच्या कृपेनं."

मध्यरात्रीपासून देशभरच्या वादकांनी रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला होता. हुकूम वरून आला होता. कासिक नुसता वादक संघटनेचा फिरता माणूस, स्टुडिओ-स्टुडिओतली भांडणं मिटवणारा. त्याआधी वीस वर्षं तो ट्रॉम्बोन वाजवायचा. दात गेले, त्यांच्यामागून ट्रॉम्बोन गेला. भांडणं मिटवायला दात लागत नाहीत, असं तो म्हणायचा. हल्ली तेही म्हणायचा कंटाळा यायचा.

स्टुडिओ चौथ्या मजल्यावर होता. लिफ्टसमोरच्या भिंतीवर ज्युल्स रेडनरची भलीमोठी जाहिरात होती: 'मेणाच्या कारखान्यातून सुरांच्या सिंहासनावर!' एका चित्रात रेडनर हातात क्लॅरिनेट घेऊन, मागे सोळा जणांचा ताफा. खाली कोपऱ्यात जुना फोटो. तोच रेडनर, कोवळा, अंगात ॲप्रन, एका यंत्रापाशी उभा.

प्रूएट वाटच बघत होता. कंपनीचा व्यवस्थापक, इतक्या उकाड्यातही टाय गळ्याशी घट्ट.

"शोधायचं काही नाहीये," तो म्हणाला. "टार्वर. गाण्यांची मांडणी, कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहून देतो तो. पहारेकरी म्हणतो, सकाळी सव्वासहाला आला आणि सातला कागद काखेत मारून गेला. परवाच रेडनरशी भांडला होता, लेबलवर नाव छापा म्हणून. बोलावून घेतलाय, बाहेर बसलाय."

"कागदच नेले ना?"

"कागदांखाली काय होतं, कोणी बघितलं?"

"आणखी कोण होतं इमारतीत?"

"रेडनर. हॉटेलात उकडतं म्हणून इथल्याच सोफ्यावर झोपला. पण ज्याची चोरी झाली त्याला काय विचारणार? बाकीचा ताफा पहाटेच्या गाडीनं क्लीव्हलंडला गेला."

रेकॉर्डिंगच्या खोलीत हायरम बोल्ट होता. काचेमागे बसून बावीस वर्षं लोकांचे सूर मेणावर उतरवणारा तंत्रज्ञ. त्याच्या टेबलावर जेवणाच्या ताटापेक्षा थोडी मोठी, दोन बोटं जाड अशी मेणाची चकती पडली होती.

"अशी असते," बोल्ट म्हणाला. "ही कालच्यांपैकीच एक. हिच्यावर सूर कोरायचा, कारखान्यात पाठवायची, तिथं तिच्यावरून धातूचा साचा निघतो. काल चार गाणी केली, प्रत्येक दोनदा वाजवून दोन टेक. आठ चकत्या पेटीत ठेवून साडेआठला घरी गेलो. सकाळी उघडतो तर सात. शेवटच्या गाण्याचा दुसरा टेक गायब."

"खिशात मावणारी वस्तू नाही ही."

"खिशात? पेटीशिवाय या उन्हात रस्त्यावर नेली तर कोपऱ्यापर्यंत लोणी होईल तिचं."

"कोऱ्या किती आणल्या होत्या?"

"वीस. आठ वापरल्या, बारा उरल्या. कपाटात आहेत."

कासिकनं कपाट उघडलं आणि चकत्या मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या. तेराच. सगळ्यांत वरची जरा पातळ वाटली. कपाटाशेजारी एक यंत्र होतं, खाली मेणाच्या भुशाचा डबा.

"हे?"

"तासणी. टेक फसला की वरचा थर तासून टाकायचा. चकती पुन्हा कोरी."

"कोणालाही चालवता येते?"

"हात बसलेला लागतो. नाहीतर चकती तडकते."

पलीकडे तयार रेकॉर्ड ऐकायचा ग्रामोफोन होता. कासिक खाली वाकला. सुईला केसांसारखा मेणाचा गुंता लटकत होता. बोल्टनं तो पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला.

"ही सुई मेणावर कोणी टेकवली? सुई फिरली की सगळं नांगरून निघतं. एकदा ऐकू येतं, मग काही उरत नाही. झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक आहे हे."

"कालचा नोंदीचा कागद दाखव."

शेवटच्या गाण्यापुढे बोल्टच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'दुसरा टेक. दोन नंबरचा माईक तिसऱ्या खुर्चीकडे.'

"क्लॅरिनेटचा माईक ना हा? रेडनर तर पुढे उभा राहतो. खुर्चीकडे कशाला हलवला?"

"आवाज घुमत होता." बोल्ट जरा जास्तच पटकन बोलला.

"तिसऱ्या खुर्चीवर कोण बसतं?"

"फेरांती. सॅक्सोफोनवाला पोरगा. सोमवारी सैन्यात जातोय. काल काम संपताच भाऊबंद ट्रक घेऊन आले आणि उचलूनच घेऊन गेले ब्राँक्सला, आईकडे."

"मूळचा सॅक्सोफोनवालाच? क्लॅरिनेट नाही वाजवत?"

बोल्टनं चष्मा काढला आणि पुसत बसला. तो आधीच स्वच्छ होता.

एलिस टार्वर बाहेरच्या बाकावर बसला होता. पन्नाशीचा, काळा, सडपातळ. गुडघ्यावर टोपी, शेजारी कागदांची चळत. कासिक त्याच्याजवळ बसला.

"सकाळी कशाला आला होतात, मिस्टर टार्वर?"

"माझे कागद न्यायला. एकदा क्लीव्हलंडला गेले की परत मिळत नाहीत."

"काचेपलीकडच्या खोलीत गेलात?"

टार्वर हसला, पण हसू ओठांपर्यंतच राहिलं. "सहा वर्षं या ताफ्यासाठी लिहितोय. त्या खोलीत मला कोणी बोलावलं नाही. न बोलावता आत गेलो तर काय होतं, हे मला या वयात शिकायचं नाहीये."

"रेडनरशी भांडलात?"

"नाव छापा म्हणालो. ते म्हणाले, बघू. याला भांडण म्हणत असतील, तर भांडलो."

"राग असेलच."

"आहे ना. पण साहेब, त्या चकतीवर माझंही काम होतं. दुसरा टेक मी इथंच, या बाकावर बसून दारातून ऐकला. असं वाजवलेलं माझं काहीच मी कधी ऐकलं नव्हतं. ते मी फोडीन?"

"कोणी वाजवलं होतं?"

टार्वरनं टोपी उलटी केली, सुलटी केली. "रेडनर साहेबांचा ताफा आहे. लेबलवर त्यांचंच नाव असतं."

कासिक उठला. गुडघे वाजले. अशा उत्तरांची त्याला सवय होती. ती ऐकून दरवेळी थकवा येतो, एवढंच.

रेडनर विश्रांतीच्या खोलीत सोफ्यावर बसून कॉफी पीत होता. दोघांची ओळख जुनी, एकोणतीस सालापासूनची. तेव्हा दोघं एकाच हॉटेलात वाजवायचे.

"लॅम्बर्ट! म्हातारा झालास रे."

"तू नाही झालास?"

"माझं सोड. माझा आयुष्यातला सर्वांत चांगला टेक गेला. सापडेल का?"

"रात्री काही ऐकलंस?"

"मेल्यासारखा झोपलो होतो."

कॉफीचा एक ओघळ रेडनरच्या ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला आणि तिथून पांढऱ्या शर्टावर पडला. रेडनर बोलतच राहिला. त्याला पत्ताच नव्हता. कासिक त्या ओठाकडे क्षणभर बघत राहिला.

"काल याच क्लॅरिनेटवर वाजवलंस?"

"याच्यावरच. बघ ना."

कासिकनं ते उचललं. माऊथपीस नवा, काळा, चकचकीत. वरच्या बाजूला दातांच्या दोन ताज्या खुणा. त्यानं अंगठा त्यांच्यावरून फिरवला, क्लॅरिनेट पेटीत ठेवलं आणि दार उघडून हाक मारली.

"मिस्टर प्रूएट, आत या. बोल्टलाही आणा. आणि मिस्टर टार्वर, तुम्हीसुद्धा."

"त्याला कशाला?" प्रूएट म्हणाला.

"तीन तास बाकावर त्यांनीच काढलेत म्हणून."

सगळे आले. कासिक खुर्चीत बसला. उभं राहून भाषण करायचं त्याच्या अंगात त्राण नव्हतं.

"चकती चोरीला गेलेलीच नाही," तो म्हणाला. "ती कपाटात आहे. बोल्ट म्हणतो कोऱ्या बारा, मी मोजल्या तेरा. वरची पातळ आहे. कोणीतरी सूर तासून टाकले आणि चकती कोऱ्यांमध्ये ठेवून दिली."

बोल्ट धावत गेला आणि परत आला. "तेरा," एवढंच म्हणाला.

"तासायच्या आधी ती ऐकली गेली. सुईला मेण आहे. आता बघा, ज्याला सूड घ्यायचाय तो चकती आपटतो. ज्याला विकायचीय तो पेटीसकट नेतो. ऐकत कोण बसेल? ज्याला ऐकायची तहान आहे आणि दुसऱ्या कोणी ऐकू नये अशीही इच्छा आहे, तोच."

"टार्वर," प्रूएट म्हणाला.

"त्यांनी दारातून ऐकला होता. शिवाय तासणीला बसलेला हात लागतो. या माणसाला काचेपलीकडे कधी पाऊल टाकू दिलं नाही, तो हात कुठे बसवणार? बोल्टचा बसलेला आहे, पण बोल्ट घरी होता, आणि त्यानं केलं असतं तर कोऱ्या तेरा उरल्या असंच मला सांगितलं असतं. उरला कोण? लिफ्टसमोरचा फोटो बघा. ॲप्रन घातलेला. शेजारचं यंत्र तासणी आहे."

कोणी रेडनरकडे बघितलं नाही. सगळे खाली बघत होते.

"मूर्खपणा आहे हा," प्रूएट म्हणाला. "स्वतःचा सर्वांत चांगला टेक कोण पुसेल?"

"त्याचा नव्हताच तो." कासिकनं क्लॅरिनेट पुढे केलं. "ज्युल्स दोन्ही ओठ दातांवर दुमडून वाजवतो. तेरा वर्षांपूर्वी मी त्याच्या शेजारी बसायचो, तेव्हा त्याचा माऊथपीस वर्षभरानंतरही नव्यासारखा असायचा. याच्यावर दात रुतलेत. आणि माईक गेला होता तिसऱ्या खुर्चीकडे. फेरांतीनं वाजवलं. ज्युल्सचं क्लॅरिनेट घेऊन. ताफ्याला माहीत, बोल्टला माहीत. नोकरीसाठी सगळे गप्प."

"ओठ कधीपासून गेला, ज्युल्स?"

"जूनपासून." रेडनरचा आवाज अगदी साधा होता. "दाढ काढली, तेव्हापासून बधिर आहे. तुला कसं कळलं?"

"कॉफी सांडतोयस."

रेडनरनं शर्टाकडे बघितलं. मग हळूच रुमाल काढला.

"पहिला टेक मी वाजवला. चालला असता कसातरी. पण शेवटचं रेकॉर्डिंग होतं, पुढे किती वर्षं होणार नाही कोणाला माहीत. आल्डो फेरांतीला म्हटलं, तू वाजव, नाव माझं लागेल, हरकत नाही ना? तो म्हणाला, सोमवारी तसाही जाणारच आहे. आणि त्यानं जे वाजवलं..." तो थांबला. "सकाळी पाचला जाग आली. मला बसून नीट ऐकायचं होतं. आणि दुसरंही होतं, खोटं कशाला बोलू. ती बाजारात आली असती तर लोकांनी रोज माझ्याकडून तेच मागितलं असतं. तसं मी कधीच वाजवू शकलो नाही, ओठ चांगला होता तेव्हासुद्धा. सुई टेकवली तेव्हा मला पूर्ण कल्पना होती."

"ते तुझं तू बघ," कासिक म्हणाला. "पण आठ वाजल्यापासून हा माणूस बाहेर चोर म्हणून बसलाय. तू इथं कॉफी पीत होतास."

रेडनरनं टार्वरकडे बघितलं. "एलिस, माझी चूक झाली."

"तुमची चूक झाली हे मलाही माहीत आहे," टार्वर म्हणाला. "उरलाय तो पहिला टेक. त्याच्यावर माझं नाव छापा. मिस्टर प्रूएट, तुम्ही ऐकताय ना?"

प्रूएटनं टाय सैल केला. "छापू."

"बघू नाही?"

"छापू म्हणालो ना."

"मग कासिक साहेबांसमोर लिहून द्या."

प्रूएटनं लिहून दिलं. टार्वरनं कागद दोनदा वाचला, घडी करून आतल्या खिशात ठेवला, टोपी डोक्यावर घातली आणि रेडनरशी एक शब्दही न बोलता जिन्यानं उतरून गेला.

साडेअकराला आल्डो फेरांती आला, सर्वांचा निरोप घ्यायला. चोवीस वर्षांचा, नवीन कापलेले केस, आईनं दिलेल्या जेवणाचा डबा हातात. आत शिरताच त्याला कळलं, काहीतरी बिनसलंय.

कासिकनं सांगायला तोंड उघडलं, पण रेडनर उठून उभा राहिला.

"मी सांगतो." आणि त्यानं सांगितलं. काहीही न लपवता, ओठ पुसत पुसत.

फेरांती ऐकत राहिला. त्याचे कान लाल झाले. डबा त्यानं या हातातून त्या हातात घेतला. तो आता मारेल, असं कासिकला वाटलं, आणि मारलं असतं तर अडवायचं नाही, असंही त्यानं ठरवलं.

"म्हणजे आता कुठेच नाही तो टेक?" फेरांतीनं विचारलं.

"नाही."

"मी स्वतः तो ऐकलाच नाही. वाजवताना ऐकू येत नाही नीट."

"माहीत आहे मला."

"तुम्ही पूर्ण ऐकलात? शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"शेवटच्या आठ मात्रांत मी वर गेलो. टार्वरनी लिहिलं नव्हतं तसं. तिथं सूर फाटला का? काल रात्रभर मला तेच वाटत होतं. आई जेवायला वाढत होती आणि माझ्या डोक्यात तेच."

रेडनर खाली बसला. चकतीवरचा तो टेक शेवटपर्यंत ऐकलेला अख्ख्या शहरात तो एकटाच माणूस होता.

"नाही," तो म्हणाला. "फाटला नाही."