कोळदरीचं पादोदक

दि. १९ जानेवारी १९४५, शुक्रवार. दिवसभर ढगाळ. संध्याकाळी आभाळ निवळलं आणि थंडी एकदम उतरली.

रात्री महालिंगप्पांच्या शेतात हुरड्याला गेलो होतो. अणदूरच्या शिवेवर त्यांची ज्वारी आहे. आगटीभोवती महालिंगप्पा, मी, त्यांचा पुतण्या शरणप्पा आणि शेजारच्या शेतातला गफार. गफार कणसं चोळत होता आणि निम्मा हुरडा वाटेतच तोंडात टाकत होता. बोलता बोलता शरणप्पा म्हणाला, सोमवारी कोळदरीच्या सिद्धेश्वराला जाणार, डोंगर चढून अभिषेक करणार.

"जा की," महालिंगप्पा म्हणाले. "पर तिथलं पाणी पिऊ नको."

"का? कडू हाय?"

"आदी हातातलं खाऊन घे. मग सांगतो. नंतर खाववायचं न्हाय."

गफार हसला. "चाचा, आमी भाकरीला मुंग्या लागल्या तर झटकून खातो."

महालिंगप्पांनी सांगितलं ते जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत उतरवतो.

माझ्या चुलतभावाचा मेहुणा ईरण्णा. नळदुर्गाजवळ त्याचं शेत. चार वर्षांमागची, मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या आदल्या रात्रीची गोष्ट. त्याची बायको नागम्मा महिनाभर तापात पडलेली. सोलापूरच्या डॉक्टरानं हात टेकले. तेव्हा त्याची आई पार्वतम्मा म्हणाली, कोळदरीच्या स्वामींचं पादोदक आण. पादोदक म्हणजे स्वामींचे पाय धुऊन घेतलेलं तीर्थ, गफार. आमच्यात ते श्रद्धेनं पितात. हे स्वामी म्हातारे. डोंगरावर देवळात एकटेच राहायचे.

निघताना पार्वतम्मानं त्याला बजावलं, "आदी तू पी, मग तिला आण. आन किळस करू नगंस. मनात किळस आली की तीर्थाचं पाणी होतंय. मग सून गेली माझी."

गावातल्या बाबामियाँच्या बैलगाडीनं तो डोंगराच्या पायथ्याला गेला. बैलांजवळ बाबामियाँ थांबला. घाणेरीच्या झुडपांतून ईरण्णा एकटा वर चढला. पोचेपर्यंत दिवस बुडाला होता. हातातल्या कंदिलाच्या उजेडात तो देवळात शिरला.

गाभाऱ्यात दिवा नव्हता. पिंडीवरची फुलं कुजून काळी पडलेली, त्यांवर चिलटं. नैवेद्याच्या भाताला केसासारखी बुरशी आलेली. म्हाताऱ्या माणसाला रोजची पूजा होत नसेल, असं ईरण्णानं मनाशी म्हटलं.

स्वामी मंडपातच होते. खांबाला टेकून बसलेले, डोक्यावरून घोंगडी.

"शरणार्थी, स्वामी."

उत्तर नाही.

"घरात आजारी माणूस हाय. पादोदक न्यायला आलोय."

स्वामींचं मौनव्रत असेल, असं त्याला वाटलं. मग घोंगडीखालून दोन पाय हळूहळू पुढं आले.

देवळामागं कुंड आहे. ईरण्णा तांब्या घेऊन तिथं गेला. पाण्यावर साय धरली होती. हातानं ती बाजूला केली, तर बोटांना तार सुटली. वासानं हात नाकाकडं गेला. आईचे शब्द आठवले. नाक मोकळं ठेवून त्यानं तांब्या भरला. नाक धरणंसुद्धा किळसच की.

परत येऊन ताटात स्वामींचे पाय घेतले. गार. मऊ. त्यानं बोटानं दाबलं तिथं खळी पडली... ती भरून येईना. त्यानं टाच चोळली. भिजलेल्या पावट्याची साल सरकते, तशी कातडी बोटाबरोबर सरकली.

ईरण्णा थांबला.

नागम्मा डोळ्यांपुढं आली. त्यानं कातडी हळूच होती तिथं परत बसवली. पाय पुसले. विभूतीच्या तीन रेघा ओढल्या. अंगठ्यावर बेलाचं पान ठेवलं. ताटातलं पाणी ओंजळीत घेतलं.

प्याला.

घशाशी आलं... परत गिळलं.

उरलेलं तांब्यात भरलं आणि डोकं टेकवायला वाकला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. घोंगडी हलत नव्हती. श्वासानंही नाही...

मागं न बघता तो खाली उतरला. बाबामियाँनं गाडी जुंपली, दोन पावलं चालवली आणि थांबवली. "ईरण्णा, गाडीत उंदीर मेलाय काय रे?"

"तीर्थ हाय."

"तीर्थ?"

"हाक गाडी."

पहाटे घरी पोचले. पार्वतम्मानं सुनेला उठवून बसवलं. नागम्मानं वाटी तोंडाजवळ नेली आणि तशीच धरली.

"तुमी पिलाव का?"

"व्हय."

"कसं लागलं?"

खरं सांगितलं असतं तर ती प्याली नसती. ईरण्णा म्हणाला, "गोड."

तिनं डोळे मिटून सगळं संपवलं. पार्वतम्मानं तिचं तोंड पदरानं पुसलं.

दुपारी डोंगराखालचे धनगर सांगावा घेऊन आले. स्वामी गेले. कुंडात पाय घसरून पडले असावेत. आज सकाळी पाण्यात दिसले, पण प्रेत चार-पाच दिवसांचं आहे, समाधी द्यायला माणसं पाहिजेत.

ईरण्णा गेला. प्रेत नुकतंच वर काढलं होतं. अंग फुगलेलं, डोक्यापासून घोट्यापर्यंत शेवाळ आणि गाळ. पाय तेवढे स्वच्छ. एका टाचेची कातडी सुटून परत बसवलेली. दोन्ही पायांवर विभूतीच्या तीन रेघा... कोरड्या.

महालिंगप्पा थांबले. आगटी विझत आली होती, कोणी सारली नाही. गफारनं मुठीतला हुरडा हळूच मातीत टाकला.

"आन ती बाई?" त्यानं विचारलं.

"तिचा ताप त्याच रात्री उतरला. आठ दिवसांत पाणी शेंदायला लागली. आज घरातलं सगळं तीच करती."

"मग तीर्थ लागू पडलं म्हणायचं, काका," शरणप्पा म्हणाला.

"ईरण्णा म्हणतो, तिच्या हाताला तो वास येतोय. आमाला कुणालाच येत न्हाय. तिच्या आईला न्हाय, सासूला न्हाय."

"मग?"

"मग काय. चार वर्षं झाली. आपली भाकरी तो आपणच थापतो."