बारक्याने दिलेली ओ

ज्याला पटायचं त्याला पटेल. मला कोणाची मनधरणी करायची नाही. पण हे माझ्या सख्ख्या भावाबरोबर घडलंय आणि मी तिथे होते. त्यामुळे "ताई, छान रंगवलंत" असलं काही खाली लिहू नका. डोकं फिरतं माझं.

आणि हो, रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. डोळे दिपतील असं ऊन होतं.

आम्ही दोघं एका मासळीच्या कारखान्यात कामाला. मी पॅकिंगला, तो लोडिंगला. अंगाने माझ्या दुप्पट, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणतात. गोठवलेल्या मासळीची खोकी कंटेनरमध्ये रचायची, दार लावून सील ठोकायचं, की ट्रक निघाला बंदराकडे. पुढे जहाजाने परदेशी. कंटेनर म्हणजे खोलीएवढा फ्रीजच म्हणा.

फक्त या फ्रीजचं दार आतून उघडत नाही.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. दार लावायच्या आधी मुकादम लोडिंगवाल्यांना एकेक करून हाक मारतो. ज्याला हाक मारली त्याने ओरडायचं, "बाहेर!" सगळ्यांची ओ आल्याशिवाय दार लावायचं नाही.

त्या दिवशी मी तिथेच लेबलं चिकटवत होते. माझ्या कानांनी ऐकलं.

"लंबू!"

"बाहेर!"

"पैलवान!"

"बाहेर!"

"बारक्या!"

...

"बाहेर!"

त्याचाच आवाज. घोगरा, जरा वैतागलेला. मुकादमाने दार ओढलं, सील ठोकलं. ट्रक गेला.

आवाज माझ्या पाठीमागून आला होता...

आणि माझ्या पाठीमागे भिंत होती.

तेव्हा काही वाटलं नाही. कामाच्या घाईत कोण एवढा विचार करतं?

शिफ्ट सुटली. मी गेटवर उभी. आम्ही रोज त्याच्या स्कूटरवरून घरी जातो. स्कूटर होती. तो नव्हता.

आधी मी चिडले. म्हटलं, बसला असेल कुठेतरी चकाट्या पिटत. फोन लावला...

कपडे बदलायच्या खोलीतून रिंग ऐकू आली. त्याच्या कपाटातून. खाली, कामाचे गमबूट चढवताना काढलेल्या त्याच्या चपला तशाच होत्या.

मी धावत मुकादमाकडे गेले.

"अगं, त्याने ओ दिली की! सगळ्यांनी ऐकली. गेला असेल पुढे."

"चपला न घालता?"

"त्याला कसली आलीये लाज!"

मी घरी फोन लावला. आईने उचलला.

"आई, बारक्या आलाय का गं?"

"आलाय की मघाशीच. हळू बोल, झोपलाय तो."

जीव भांड्यात पडला माझा. मुकादम 'बघ, सांगितलं नव्हतं?' अशा नजरेने हसला.

"बरं नाही गं त्याला," आई म्हणाली. "अंग नुसतं गार पडलंय. दोन गोधड्या घातल्या तरी कुडकुडतोय. आणि बूट काढू देईना मेला. गमबूट घालूनच झोपलाय पलंगावर."

"आला कोणाबरोबर?"

"काय माहीत. मी ओट्यापाशी होते. वळून बघते तर पलंगावर."

"दार कोणी उघडलं त्याला?"



"...दाराला आतून कडी होती गं," ती म्हणाली. असं, जणू तिला आत्ताच आठवलं.

"त्याला फोन दे."

आधी काहीच नाही. मग श्वास. लांब, थरथरता.

"बारक्या?"

"बाहेर आहे मी."

"बाहेर कुठे? घरी आहेस ना?"

"बाहेर... आहे... मी."

आणि त्याच्या आवाजामागे... घरघर.

कंटेनरच्या पंख्याची घरघर. दिवसभर तीच ऐकते मी, झोपेतही ओळखेन. आमच्या घरात असलं काहीच वाजत नाही.

मी फोन कापला आणि मुकादमाकडे वळले.

"कंटेनर परत बोलवा. बारक्या आत आहे."

"वेड लागलंय का तुला? आत्ता त्याच्याशी बोललीस ना? सील तोडलं की माल परत येतो, जहाज चुकतं. मालकाला काय सांगू? हिच्या कानात घरघर झाली म्हणून?"

मी पाय धरले त्याचे. खरंच धरले. आयुष्यात कोणापुढे वाकले नाही, त्या दिवशी वाकले.

"आत नसला तर मला आजच काढून टाका. पण असला तर? किती वेळ जगेल तो तिथे?"

लंबू बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "आज माल कमी होता. खोक्यांवर जागा राहिली होती. बारक्या वरून सरपटत मागे गेला होता, तापमानाचं यंत्र ठेवायला."

"उतरताना कोणी बघितला?" मुकादमाने विचारलं.

लंबूने पैलवानाकडे बघितलं. पैलवानाने नकारार्थी मान हलवली.

 मुकादमाने सील कापायची कात्री उचलली, मला मोटारसायकलवर बसवलं. वाटेत ट्रकवाल्याला फोन लावत होते. लागतच नव्हता. मी देवाला काय काय कबूल केलं ते माझं मलाच आठवत नाही.

बंदराबाहेर ट्रकची रांग होती. आमचा ट्रक गेटच्या तोंडाशी.

"अहो, सीलला हात लावू नका!" ट्रकवाला ओरडला. "माझी नोकरी जाईल!"

"आमची गेलीच आहे," मुकादम म्हणाला आणि कात्री दाबली.

दार उघडलं. पांढरी वाफ अंगावर आली. समोर खोकीच खोकी.

"बारक्या!"

काही नाही.

"बारक्या, ताई आलीये! ओ दे रे!"

नुसता पंखा.

मी खोक्यांवर चढले. हाताची कातडी पुठ्ठ्याला चिकटत होती. छताखालून पोटावर सरपटत गेले... आणि अगदी टोकाला, अंधारात, गमबुटांचे तळवे दिसले.

पालथा पडला होता. डोक्याखाली रक्त, तेही गोठलेलं. भुवया पांढऱ्या. मी त्याला हलवलं, थोबाडीत मारल्या, शिव्या घातल्या. नाकाशी गाल नेला. श्वास आहे की माझाच परत येतोय, कळेना.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई.

"अगं..." ती म्हणाली. "मी त्याला थोपटत होते. हात गोधडीवरच होता माझा. गोधडी एकदम खाली बसली. आत कोणी नाही गं."

आणि इथे बारक्याने खोल श्वास घेतला. बुडता माणूस वर आल्यावर घेतो ना, तसा.

वाचला तो. पायाची बोटं गेली, पण वाचला. खोकी घसरून डोक्याला लागलं असणार, लगेच शुद्ध गेली असणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मुकादमाने हाक मारली तेव्हा तो बेशुद्ध होता. मग ओ कोणी दिली? त्याला मारायला दुसऱ्याच कोणी दिली, की त्याची त्यानेच? मी विचार करून थकले.

शुद्धीवर आल्यावर माझ्याशी पहिलं काय बोलला माहितीये?

"ताई, कशाला हलवलंस गं? ऊब होती. आई थोपटत होती."

मी एवढी धावले, पाय धरले, हात सोलवटून घेतले... आणि हे. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले.

आई तर दवाखान्यात आलीच नाही. म्हणे, घर सोडून कशी येऊ?

आता तो घरी असतो. कडक उन्हात स्वेटर घालून अंगणात बसतो. आई त्याला जेवायला वाढते, औषध देते. पाहुण्यासारखं अदबीने वागते त्याच्याशी. पण त्याच्या पलंगावर त्याला झोपू देत नाही. बिचारा चटईवर झोपतो. मी एकदा भांडले. म्हटलं, अगं, हा तुझाच मुलगा आहे, पलंग रिकामा आहे, झोपू दे की त्याला!

आईने पलंगावरची गोधडी नीट सारखी केली. कडेने खोचली. मग तोंडावर बोट ठेवून मला म्हणाली,

"हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याला."

मी गोधडी उचलून बघितलेली नाही. अजूनही नाही.