वेईंचा मंजूर व्हिसा

आखातातल्या समैस्मा गावाच्या किनाऱ्यावर चपलांचा जोड नीट मांडून ठेवला होता. शेजारी बटणांचा साधा फोन आणि प्लास्टिकच्या पिशवीत दूतावासाचं पत्र. म्हातारे वेई तिथून शंभर पावलांवर सापडले. भरतीने त्यांना वाळूवर आणून टाकलं होतं.

विभावरी पोहोचली तेव्हा पोलीस कॅप्टनने रंगनाथचा आयडी काढून घेतला होता. युरोपातल्या एका थंड देशाच्या दूतावासात ती व्हिसाचं काम बघायची. रंगनाथ तिथलाच ड्रायव्हर.

"काल पत्र यानेच दिलं," कॅप्टन म्हणाला. "त्यानंतर वेईंना भेटलेला बाहेरचा माणूस नाही. व्हिसा मंजूर झालेला माणूस जीव का देईल? कुणीतरी ढकललंय."

पत्र मंजुरीचंच होतं. नऊ चिनी माणसं चार महिने ट्रान्झिट व्हिसावर इथल्या व्हिलात पुढच्या व्हिसाची वाट बघत होती. या खेपेला चौघांनाच मंजुरी होती. सात दिवसांत कुणी हजर झालं नाही, तर जागा यादीतल्या पाचव्याला.

विभावरीने रंगनाथला बाजूला घेतलं. "नीट सांगा, काय झालं?"

"पत्र दिलं, सही घेतली. त्यांच्यातल्याच शू बाईंनी वाचून दाखवलं. इंग्रजी त्यांनाच येतंय, सगळ्यांची कागदं त्याच वाचतात. म्हातारा गप ऐकत होता. मग माझा हात धरला, अरबीत आभार मानत शुक्रन म्हणाला न् आत गेला. लई वाईट वाटलं, ताई."

"वाईट का? बातमी तर आनंदाची होती."

"काय ठाऊक. त्याच्या तोंडाकडं बघून वाटलं."

कॅप्टनसोबत ती व्हिलावर गेली. तिथे वेईंच्या खोलीतले सोबती तांग मांडीवर जाड लोकरी कोट घेऊन बसले होते. मंजुरी मिळालेल्या चौघांपैकी तेही एक. शू बाई सकाळपासून पोलिसांच्या दुभाषी होत्या. त्या पुढे आल्या.

"कोट कुणाचा?" विभावरीने विचारलं.

"वेईंचा. काल संध्याकाळी यांना दिला."

"का?"

शू बाई तांगशी बोलल्या. "आठवण म्हणून, म्हणतात."

विभावरीने आपला फोन काढला, तोच प्रश्न टाइप केला आणि चिनी भाषांतर तांगसमोर धरलं. शू बाईंचा चेहरा उतरला. तांगनी सावकाश उत्तर लिहिलं : 'त्याला नकार आला ना. आता कोट काय करायचा, म्हणाला.'

विभावरी कॅप्टनकडे वळली.

"ढकललं कुणीच नाही. मंजुरी कळलेला माणूस त्या थंड देशात निघताना कोट देऊन टाकत नाही. वेईंना इंग्रजी येत नव्हतं, भाषांतर करणारा फोन नव्हता. त्यांनी फक्त ऐकलं. वाचणाऱ्या बाईंनी मंजुरीचा नकार केला. तुमचे प्रश्नही त्यांच्याच तोंडून गेले, म्हणून तांगना माहीत असलेलं तुमच्यापर्यंत आलंच नाही. यादीत पाचवं नाव शू बाईंचं आहे."

शू बाई भिंतीला टेकल्या.

"पुढच्या रविवारी माझी इथली मुदत संपते. चीनला परत गेले तर तुरुंग."

"वेईंनाही तेच होतं."

"ते म्हातारे होते. वाटलं, निमूट परत जातील. समुद्राचं माझ्या मनातही आलं नव्हतं."

कॅप्टनने रंगनाथचा आयडी परत दिला आणि शू बाईंना गाडीकडे नेलं.

तांगना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी फोन मागून घेतला, लिहिलं : 'मग पत्रात काय होतं?'

विभावरीने उत्तर टाइप केलं. फोन त्यांच्या हातात द्यायला मात्र तिला बराच वेळ लागला.